नान्कोचं नाक आणि लाल्काचे टायर

नान्कोच्या नाकाबद्दल स्लिवोव दोल गावात जेवढं बोललं गेलं, तेवढं देवळाच्या घंटेबद्दलही कोणी बोललं नसेल. गावाची दारूची भट्टी त्याच्या ताब्यात. प्लमचा हंगाम सरला की घरोघरचं आंबवण पिंपांतून येऊन त्याच्या तांब्याच्या हंड्यात पडायचं आणि नळीच्या दुसऱ्या टोकाने रकिया होऊन बाहेर यायचं. पहिली धार सुरू झाली की लोक दारूचा कस मोजायची काचनळी काढत नसत, नान्कोकडे बघत. तो धारेखाली बोट धरी, बोट नाकाखाली नेई आणि सांगे, प्लम उत्तरेच्या उतारावरचे आहेत, निम्मे जमिनीवरून वेचलेत, आणि गेल्या बुधवारी पिंपाचं झाकण कोणीतरी उघडं टाकलं होतं. मग त्या घरात बुधवारवरून जुंपे. एकदा उपासाच्या दिवसांत त्याने तीन किलोमीटरवरून ओळखलं होतं की पाद्रीबुवांच्या चुलीवर डुकराचं सॉसेज चढलंय. त्या दिवशी वारा उलट्या दिशेने वाहत होता असं सांगणारेही गावात आहेत. भट्टीच्या रांगेत त्यांचा नंबर नेहमी शेवटी लागतो.

नाक असं, पण माणूस अगदी नाकासमोर चालणारा. एकसष्ट वर्षांचा, लग्न न झालेला, आणि बायकामाणसांशी बोलताना टोपी काढायची की ठेवायची यातच निम्मा वेळ घालवणारा. गाडी त्याने जन्मात घेतली नाही, चालवायलाही शिकला नाही. तरी त्याच्या तळघरात, कोबीच्या खाऱ्या पिंपाच्या आणि बरण्यांच्या फळीच्या मधोमध, अकरा वर्षं चार टायर उभे असत. थंडीत उन्हाळी टायर, उन्हाळ्यात थंडीचे.

ते टायर लाल्काचे. लाल्का म्हणजे गावची टपालवाली. नवरा जाऊन तेरा वर्षं झालेली. छोट्या निळ्या गाडीतून ती डोंगरातल्या सतरा वाड्यांना पेन्शन, पत्रं आणि म्हाताऱ्यांची औषधं पोचवायची. त्या रस्त्यांवर बर्फ पडल्यावर थंडीचे टायर नसतील तर गाडी पत्त्यावर न जाता परस्पर नदीत जाते. राहायची पोस्टाच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. तळघर नाही. गॅलरी आहे, पण दक्षिणेला. तिथल्या उन्हात रबर दोन वर्षांत म्हाताऱ्याच्या टाचेसारखं भेगाळतं. अकरा वर्षांपूर्वी तिने भट्टीवर सहज विचारलं होतं, कोणाकडे चार टायरांपुरती अंधारी जागा आहे का. नान्कोच्या तोंडून ‘आहे’ इतक्या चटकन निसटलं की हे कोण बोललं म्हणून त्याने स्वतःच मागे वळून पाहिलं.

तेव्हापासून लाल्का वर्षातून दोनदा त्याच्या घरी येई. एकदा नोव्हेंबरात, पोलीस टायर तपासायला लागायच्या आत, आणि एकदा एप्रिलमध्ये, चेरी फुलल्यावर. तळघरातले चार टायर गाडीत भरायचे, हुबेन पंक्चरवाल्याकडे जाऊन चढवून घ्यायचे आणि उतरवलेले चार परत तळघरात आणायचे. मग जेवण. नान्को पांढऱ्या घेवड्याचं पुदिना घातलेलं सार करी, लाल्का चीजची पापुद्रेदार बनित्सा आणी. अशी जेवणं होत गेली, आणि एकाही जेवणात नान्को जे बोलायचं ते बोलला नाही. बोलायच्या ऐवजी त्याने टायर फिरवले.

हे फिरवणंही समजून घेण्यासारखं आहे. टायर चाकाच्या लोखंडी चकतीवर चढवलेला असला तर आडवा टाकला तरी चालतो. नुसता असला तर उभा ठेवावा लागतो, आणि उभा ठेवला की महिन्यातून एकदा पाव वळण द्यावं लागतं, नाहीतर तो एकाच कुशीवर झोपणाऱ्या माणसासारखा एका बाजूने चेपतो. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळची कॉफी झाली की नान्को खाली उतरे, हात धुई, टायर ओल्या फडक्याने पुशी, एकेकाला पाव वळण देई आणि वरच्या बाजूला खडूने रेघ ओढी. अकरा वर्षांत टायर दोनदा बदलले. जुने भंगारात गेले त्या दोन्ही दिवशी नान्को जेवला नाही, असं हुबेन शपथेवर सांगतो. नान्कोच्या हिशेबी या फिरवण्यात सगळं बोलून झालं होतं. टायरांना ते कळलंही असेल. लाल्काला कोण सांगणार?

गोष्ट बिघडली ती ऑक्टोबरात, भट्टीवर. रांगेत वल्चो होता. वल्चो मधमाश्या पाळायचा. विधुर, डोंगराकडच्या अंगाला दुमजली घर, आणि मिशांना मेण लावून टोकं वर वळवलेली. त्याने सगळ्यांदेखत नान्कोला छेडलं.

“काय रे नान्को, तुला गाडी नाही, घोडा नाही, आणि त्या बाईचे टायर पोटच्या पोरांसारखे सांभाळतोस. काय प्रकार आहे?”

रांग हसली. नान्कोचे कान प्लमच्या रंगाचे झाले.

“प्रकार कसला? कोपरा रिकामा आहे. कोणाचे का असेनात, टायर म्हणजे टायर.”

भट्टी भरात असताना नान्कोच्या नाकाला दारूखेरीज काही कळत नाही. म्हणून मागे पिंपांपाशी कोण येऊन उभं राहिलं आणि पावलं न वाजवता परत गेलं, ते त्याला कळलं नाही. बाहेर एका गाडीचं दार जरा जोरात लागलं, एवढंच.

नोव्हेंबर आला. लाल्का आली, थंडीचे टायर घेतले, हुबेनकडे गेली. नान्कोने सार चुलीवरून उतरवलं, मग पुन्हा चढवलं, पुन्हा उतरवलं. घेवडा विरघळून त्याची खळ झाली. लाल्का परत आलीच नाही, आणि उन्हाळी टायरही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो पोस्टात गेला. पत्र टाकायचं निमित्त म्हणून त्याने स्वतःलाच एक पाकीट लिहून नेलं होतं. लाल्का टपाल लावत होती. तिने मान वर केली नाही.

“टायर राहिले तुझे,” नान्को म्हणाला.

“या खेपेला दुसरीकडे सोय केलीय.”

“दुसरीकडे कुठे?”

“चांगली जागा आहे. कोरडी. तुला कशाला उगीच त्रास? टायर म्हणजे टायर.” आणि तिने त्याच्या पाकिटावर असा शिक्का मारला की टेबलाचा पाय हलला.

शेवटचे तीन शब्द ओळखीचे वाटावेत एवढी अक्कल नान्कोला तेव्हा उरली नव्हती. त्याला एकच शब्द ऐकू आला होता. दुसरीकडे. दुसरीकडे म्हणजे दुसऱ्याकडे.

तो तडक हुबेनकडे गेला. हुबेन गाडीखाली होता. नुसते पाय दिसत होते. नान्कोने पायांनाच विचारलं. पायांनी आरामात सांगितलं की हो, टायर उतरवले, पुसले, बाईंनी मागच्या सीटवर घातले, वर चादर टाकली आणि गेल्या.

“चादर?”

“फुलाफुलांची. इस्त्री केलेली.” मग हुबेनचं तोंड गाडीखालून बाहेर आलं, आणि ते हसत होतं. “आणि नान्कोदादा, वाईट वाटून घेऊ नका, पण बाई म्हणाल्या, आता जिथे चाललेत तिथे महिन्यातून दोनदा फिरवतात.”

नान्को घरी कसा आला ते त्याला आठवत नाही. दोनदा. अकरा वर्षं तो एकदाच फिरवत होता आणि त्याला वाटत होतं याहून जास्त कोणी काय करणार. इथे कोणीतरी दोनदा फिरवत होता. एवढं फिरवल्याने रबर बिघडतं, असं त्याने कोबीच्या पिंपाला तीनदा सांगितलं.

एक डिसेंबरला कॉफी झाल्यावर पाय सवयीने तळघराच्या पायऱ्या उतरले. कोपरा रिकामा. जमिनीवर टायरांच्या चार खुणा तेवढ्या होत्या. हात धुतलेले, फडकं ओलं. आता माणसाने करायचं काय? शेल्फावर चार भोपळे होते. नान्कोने ते खाली घेतले, टायरांच्या जागी एका ओळीत मांडले, पुसले आणि एकेकाला पाव वळण दिलं. वर खडूने रेघ ओढली. भोपळे काही चेपणारे नव्हते, पण तेवढीच हाताला शांती.

हाताला मिळाली, डोक्याला नाही. लाल्काची गाडी कुठे किती वेळ थांबते हे तो खिडकीतून मोजायला लागला. शिक्षिकेकडे तीन मिनिटं. पाद्रीबुवांकडे तीन. आंधळ्या म्हातारीकडे पाच, पण तिथे पत्र वाचून दाखवावं लागतं. वल्चोकडे सात. सात मिनिटांत काय काय होतं, याचा विचार करत नान्को एक पूर्ण रात्र तळमळला. सकाळी त्याने घड्याळ लावून पाहिलं: सात मिनिटांत चार टायरांना पाव वळण देऊन, हात धुऊन, एक पेला रकिया घेता येते. मिशांना मेण लावायलाही वेळ उरतो.

लाल्का रस्त्यात भेटली की पूर्वीसारखीच मान हलवायची, हवापाण्याचं विचारायची. नान्को जवळ जाऊन हळूच श्वास ओढायचा. लोकरी कोट, शाई, थंड पेट्रोल. बाकी टायरांना त्याच्याच तळघराचा वास, कोबी आणि प्लम. ते रस्त्यावरून धावणारे थंडीचे टायर त्याच्या घरचे होते आणि तिकडे दुसरे चार परक्याच्या घरी सुखाने उभे होते. स्वतःच्या घरचं जेवून कोणी दुसऱ्याच्या घरी झोपायला जावं, तसं त्याला ते वाटे.

फेब्रुवारीच्या दहा तारखेला मधवाल्यांचा सण. देवळात मध मंत्रून घ्यायचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना चाखवायचा. त्या दिवशी मधवाल्याच्या घरी कोणीही जाऊ शकतं. नान्को गेला. मध चाखला, दुसऱ्यांदा चाखला, आणि मग एका खास पिंपाला बुरशी लागते का ते बघायला हवं, असं सांगून वल्चोच्या तळघराचा रस्ता धरला. वल्चो कंदील घेऊन मागे.

तळघरात पहिला श्वास घेतला: मध, उंदीर, ओला बटाटा. रबर नाही. पण कोपऱ्यात पोत्याखाली चार गोल वस्तू एकीवर एक रचलेल्या होत्या.  नाक नाही म्हणत होतं, पण मत्सर नाकाचं कधी ऐकतो? त्याने पोतं ओढलं. परातीत ओतून गार केलेल्या मेणाच्या चार मोठ्या चकत्या.

“मेण हवंय होय?” वल्चो म्हणाला. “मग सरळ सांगायचं. पिंपाचं काय काढलंस?”

नान्को चार किलोंची चकती काखेत मारून घरी आला. एक रात्र त्याला शांत झोप लागली. दुसऱ्या रात्री डोळे उघडले: वल्चोकडे नाहीत, म्हणजे दुसऱ्या कोणाकडे तरी आहेत, आणि तो दुसरा कोण हे माहीत नाही. ओळखीचा शत्रू बरा. त्याच्या मिशा तरी डोळ्यांसमोर असतात.

त्या दिवसापासून नान्कोने गावाची तळघरं धरली. आज या घरी पिंपाचं कडं बघायला, उद्या त्या घरी मिरच्यांची चटणी चाखायला, परवा कोणाच्या आजोबांच्या पुण्यतिथीला. आत शिरला की नाक वर. इथे लसूण, इथे गंजलेली सायकल, इथे नवऱ्याने बायकोपासून लपवलेलं लोणी. सदतीस तळघरं झाली. तळघरात आलेल्या पाहुण्याला न खिलवता वर येऊ द्यायचं नाही ही गावाची रीत. मार्चअखेर नान्कोचं वजन नऊ किलोंनी वाढलं, पट्ट्याला तीन नवी भोकं पडली आणि दोन घरांनी त्याला बारशाला धर्मपिता व्हायला सांगितलं. माणूस म्हातारपणी किती मिसळायला लागला म्हणून लोक कौतुक करत होते. लाल्काचे टायर मात्र कुठेच नव्हते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चेरी फुलल्या. लाल्का त्याच्याकडे आली नाही. दुपारी हुबेनचा फोन आला.

“नान्कोदादा, बाई इथे आहेत. उन्हाळी टायर घेऊन आल्यात. नाक मोकळं असेल तर या.”

नान्को धावत गेला. नऊ किलो आणि एकसष्ट वर्षं घेऊन माणूस जेवढा धावू शकतो तेवढा. लाल्का बाजूच्या बाकावर बसून कॉफी पीत होती. टायर भिंतीशी उभे होते, चकचकीत, टवटवीत, चारी बाजूंनी गोल. लाजेची वेळ निघून गेली होती. तो गुडघ्यांवर बसला आणि पहिल्या टायरात तोंड घातलं.

हुबेन सांगतो की त्याने एवढा लांब श्वास घेतला की भिंतीवरचं कॅलेंडर त्याच्याकडे सरकलं.

सगळ्यात वर बिहीची फळं. पिवळी, लवदार, दगडासारखी कठीण. थंडीभर कपाटावर मांडून ठेवतात म्हणजे खोली सुगंधी राहते. त्याखाली इस्त्रीचे कपडे. मग कॉफी, पुदिना, लाकूड जळणारी शेगडी. आणि सगळ्यांच्या तळाशी मेण. लाकडी जमिनीला घासलेलं मधमाश्यांचं मेण. आणि तसलंच मेण त्याने फेब्रुवारीत काखेत धरून आणलं होतं. वल्चोचं.

हे तळघर नव्हतंच. एवढी तळघरं हुंगली आणि ते तळघरात नव्हतेच. ही माणसाची राहती खोली होती. शेगडी पेटवलेली, जमीन घासलेली, बिही मांडलेली. वल्चोचं घर दुमजली. त्याने ते टायर वर नेले होते, झोपायच्या खोलीत, बिछान्याशेजारी.

नान्को उभा राहिला. बावीस जेवणांत जे तोंडातून निघालं नाही, ते आता उलटं होऊन बाहेर आलं.

“वल्चोच्या माडीवर होते ना हे?”

हुबेनने पाना खाली ठेवला. असं ऐकायला मिळणार असेल तर गाडी थांबू शकते.

लाल्काने कॉफीचा शेवटचा घोट घेतला, कप बाकावर ठेवला आणि नान्कोकडे नीट पाहिलं. भट्टीवर धार बघतात तसं.

“माडीवर होते, खरं आहे,” ती म्हणाली. “तुला बघायचीय? थंडीचे टायर आता तिथेच न्यायचेत. हुबेन उतरवेल तोवर थांब आणि मग दोन उचलायला चल. माझ्या गुडघ्यांना जिना सोसत नाही.”

तासाभराने गाडी निघाली. नान्को पुढच्या सीटवर, मांडीवर एक टायर, पायात एक, मागे दोन. त्याच्याच घरचे टायर, अजून कोबीच्या वासाचे, आणि तो स्वतःच्या हाताने ते परक्याच्या माडीवर पोचवायला निघाला होता. चौकात उजवीकडे वळलं की वल्चोचं घर. नान्कोने टायर घट्ट आवळला आणि डोळे मिटले. गाडी वळली. त्याने मनात मोजलं: आता लाकूडवाल्याचं कुंपण, आता बेकरी. मग बेकरीचा वास आलाच नाही. आला तो शाईचा आणि ओल्या पाकिटांचा. डोळे उघडले तर समोर पोस्ट.

“उतर,” लाल्का म्हणाली.

तीन जिने. दोन खांद्यांवर दोन टायर. पहिल्या जिन्यावर त्याला काही कळलं नाही. दुसऱ्यावर नाक फुलायला लागलं. तिसऱ्यावर लाल्काने पुढे होऊन दार उघडलं आणि तो वास सगळाच्या सगळा अंगावर आला: बिही, इस्त्री, पुदिना, शेगडी, मेण. जमीन आरशासारखी घासलेली. कपाटावर सुरकुतलेल्या पिवळ्या बिहींची रांग. खिडकीच्या उलट बाजूला, ऊन पोचणार नाही अशा भिंतीशी, वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर चार गोल खुणा.

गावातलं प्रत्येक घर त्याने हुंगलं होतं. एक सोडून. अकरा वर्षांत या दाराच्या आत त्याने पाऊल टाकलं नव्हतं. मग नाक ओळखणार कसं?

“ही खोली तेवढी राहिली होती तुझी हुंगायची,” लाल्का म्हणाली.

नान्को दारातच उभा. टोपी काढायला हात मोकळे नव्हते, तेवढाच एक प्रश्न सुटलेला.

“मेण वल्चोचं आहे,” तो म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

“अख्ख्या गावात मेण वल्चोचंच असतं. फेब्रुवारीत चार किलो तूही उचललंस म्हणे. त्याच्या तळघरात काय शोधत होतास?”

“आणि सात मिनिटं?”

“कसली सात मिनिटं?”

“वल्चोच्या दारात. बाकीकडे तीन, तिथे सात.”

 लाल्काच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “त्याला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि मिशा बिघडतील म्हणून तो चष्मा घालत नाही. पेन्शनच्या कागदावर सही कुठे करायची ते दर वेळी बोट धरून दाखवावं लागतं. तू घड्याळ लावून बसला होतास, थंडीभर?”

नान्कोने नुसतं टायरांकडे पाहिलं. मग त्याच्यातला जाणकार जागा झाला, म्हणजे लाजेपासून पळायला त्याला वाट सापडली. “महिन्यातून दोनदा फिरवायचे नसतात. एकदाच.”

“माहीत आहे मला. एकदाच फिरवले. हुबेनला सांगताना दोनदा सांगितलं.” ती जवळ आली. “आता मी विचारते, तू सांग. खांद्यावर आहेत ते टायर कोणाचे?”

“तुझे.”

“कोणाचे का असेनात, टायर म्हणजे टायर, असंच ना? पिंपांमागे उभी होते मी. तुझं पत्र द्यायला आले होते. अकरा वर्षं मला वाटत होतं, हा माणूस बोलत नाही, पण टायर फिरवतो, म्हणजे त्याच्या मनात काहीतरी आहे. आणि तू सगळ्या रांगेला सांगितलंस की कोपरा रिकामा आहे म्हणून. चार टायर एकटीने तीन जिने चढवले मी त्या रागात. दोन दिवस पाठ धरली होती.”

नान्कोचं नाक लाल झालं, मग कान, मग राहिलेलं सगळं. खांदे भरून आले होते, पण खाली ठेवायचं धैर्य होईना. ठेवले की हात रिकामे आणि रिकाम्या हातांनी बोलावं लागतं. शेवटी टायर खांद्यावर असतानाच तो बोलला.

“दुसऱ्या कोणाचे असते ना, तर पहिल्याच जिन्यावर टाकून गेलो असतो.”

नान्कोच्या हिशेबाने हे भाषण होतं. लाल्कानेही ते तसंच धरलं. तिने एक टायर त्याच्या खांद्यावरून उतरवला, दुसरा त्याने उतरवला, आणि ती म्हणाली, “बस. नोव्हेंबरचं जेवण राहिलंय.” शेगडीवर घेवड्याचं सार होतं. म्हणजे ती सकाळीच शिजवून ठेवून मग हुबेनकडे गेली होती, हे नान्कोच्या लक्षात यायला वाडगा संपावा लागला.

जेवण झाल्यावर त्याने पुन्हा भिंतीकडे पाहिलं. खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं, निदान रबराच्या बाबतीत तरी. “लाल्का, एक सांगू? इथे शेगडी असते. उष्णतेने रबर वाळतं. एक थंडी निभावली, दरवर्षी नाही निभावणार. टायरांना तळघरच बरं.”

“ने मग तळघरात,” लाल्का ताटं गोळा करत म्हणाली. “टायर तिकडे ने. आणि मला काय, गॅलरीत ठेवणार आहेस?”

नान्कोने टोपी उचलली, घातली, काढली, पुन्हा घातली. पण या वेळी दार समोर उघडं असूनही तो दाराकडे गेला नाही.

जूनमध्ये लाल्का त्याच्या घरी राहायला आली. येताना कपाट आणलं, बिहीसकट. आता त्या घरात कुठल्या खोलीत कुठला वास आहे हे नान्कोलाही सांगता येत नाही, आणि लोक म्हणतात की त्या वर्षीच्या रकियाला, कुठल्याही घरचे प्लम असोत, शेवटी बारीकसा बिहीचा वास येत होता. वल्चोच्या दारात गाडी अजून थांबते. पण आता नान्को स्वतः जाऊन वल्चोला वाचायचा चष्मा भेट देऊन आला आहे, आणि वेळ साडेतीन मिनिटांवर आली आहे. ते अर्धं मिनिट कशाला लागतं, याचा तो अजून विचार करतो.

ऑक्टोबरात गावात नवी डॉक्टरीण आली. तरुण, गाडीवाली, भाड्याच्या खोलीत राहणारी. हुबेनने तिला सांगितलं की टायर ठेवायचे तर नान्कोदादांकडे, एक तारखेला न चुकता फिरवतात. बाई भट्टीवर आली आणि गोड आवाजात विचारलं, काका, तळघरात चार टायरांपुरती जागा असेल का?

नान्कोने ‘आ’ म्हणायला तोंड उघडलं. सवयच तशी. पण मागून, पिंपांच्या पलीकडून आवाज आला.

“भरलंय.”

डॉक्टरीण गेली. नान्को म्हणाला की अगं, कोपऱ्यात आठ मावतील एवढी जागा आहे, बिचारी परगावची पोर.  घरी येऊन लाल्का तळघरात गेली, शेल्फावरचे चार मोठे भोपळे काढले आणि टायरांशेजारी एका ओळीत मांडले, म्हणजे कोणी बघायला आलंच तर जागा भरलेली दिसावी.

एक तारखेला नान्को आठही फिरवतो. भोपळ्यांवरच्या रेघा मात्र लाल्का ओढते. तिला त्या सरळ हव्या असतात.